चुका शोधायला शिकलेली माणसे

१९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून आपल्याकडच्या काही शाळांमध्ये बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आले. पुढे आमच्याही शाळेत एक आला. त्याला एक जुना टीव्ही जोडला होता आणि खोलीच्या दाराला दोन कुलपे होती. आठवीतल्या एका मुलाने त्यावर संख्यांचे वर्ग छापणारी आज्ञावली लिहिली. शून्याचा वर्ग शून्य आला. दोनाचा चार आला. मात्र एकाचा वर्ग दोन आणि तिनाचा सहा आला. तो मुलगा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, संगणक बिघडला. दोन उत्तरं बरोबर आली म्हणजे प्रोग्रॅम बरोबरच असणार ना?" त्याने 'संख्या गुणिले संख्या' लिहिण्याऐवजी 'संख्या गुणिले दोन' असे लिहिले होते, हे मला तरी कुठे लगेच दिसले? तास संपल्यावर, शिक्षकखोलीत चहा पिताना ते लक्षात आले.

हा संगणक इंग्लंडमधल्या केंब्रिज गावच्या एका कंपनीने बनवलेला होता. त्याच गावात, त्याच्याही पस्तीस वर्षे आधी, ६ मे १९४९ रोजी एका यंत्राने पहिल्यांदा काम केले, आणि त्याने छापलेला पहिला तक्ता होता ० ते ९९ या संख्यांच्या वर्गांचा. त्या यंत्राचे नाव एड्सॅक. यंत्र कसे बनले याच्या कथा बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतात. या लेखात यंत्राइतकाच विचार करायचा आहे तो त्यावर काम करायला शिकलेल्या माणसांचा. प्रोग्रॅमर हा व्यवसायच तेव्हा अस्तित्वात नव्हता. शिकवणारे कोणी नव्हते, पुस्तक नव्हते, आणि काय काय शिकावे लागणार आहे याचीही कोणाला कल्पना नव्हती.

पाऱ्यात साठवलेले आकडे

केंब्रिज विद्यापीठाच्या गणिती प्रयोगशाळेचे प्रमुख मॉरिस विल्क्स हे युद्धकाळात रडारवर काम केलेले शास्त्रज्ञ. १९४६ च्या मे महिन्यात एल. जे. कॉम्री या गणनतज्ज्ञांनी त्यांना एका रात्रीपुरता एक अहवाल वाचायला दिला. जॉन फॉन नॉयमन यांनी लिहिलेल्या या अहवालात एका नव्या प्रकारच्या यंत्राची कल्पना होती. फोटोकॉपीची सोय त्या काळी नव्हती, त्यामुळे विल्क्स यांनी रात्र जागून तो वाचून काढला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मूर स्कूलमध्ये या विषयावर व्याख्याने ठेवली होती. युद्ध नुकतेच संपलेले, बोटीवर जागा मिळेना. विल्क्स पोहोचले तेव्हा बरीच व्याख्याने होऊन गेली होती. तरीही परतीच्या प्रवासात 'क्वीन मेरी' बोटीवरच त्यांनी आपल्या यंत्राचा आराखडा काढायला सुरुवात केली.

नव्या प्रकारचे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. १९४६ साली लोकांसमोर आलेल्या एनिअ‍ॅक या अवाढव्य यंत्राला नवे काम द्यायचे, तर शेकडो तारा उपसून दुसरीकडे खोचाव्या लागत. नव्या कल्पनेत आज्ञा आणि आकडे दोन्ही एकाच स्मृतीत, एकाच रूपात ठेवायचे होते. काम बदलायचे तर फक्त आज्ञा बदलायच्या, यंत्राला हात लावायचा नाही. अशा पद्धतीने चाललेले पहिले यंत्र मँचेस्टरचे. २१ जून १९४८ रोजी त्याने सतरा आज्ञांची एक आज्ञावली चालवून दाखवली. पण ते प्रयोगापुरते छोटे यंत्र होते. इतर विषयांतल्या संशोधकांनी रांग लावून रोज वापरावे असे यंत्र प्रथम उभे राहिले ते केंब्रिजला.

एड्सॅकची स्मृती पाऱ्याच्या नळ्यांची होती. नळीच्या एका टोकाला विजेच्या स्पंदाचे ध्वनीच्या स्पंदात रूपांतर करायचे, ते पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला पोहोचले की पुन्हा विजेचे करून पहिल्या टोकाला आणून सोडायचे. स्पंद असेल तर एक, नसेल तर शून्य. वर्गात करून घेण्यासारखे गणित आहे हे. एका नळीत ५७६ स्पंदांची जागा होती आणि दर २ मायक्रोसेकंदांनी एक स्पंद, म्हणजे सर्व मिळून ११५२ मायक्रोसेकंद. पाऱ्यातला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४५० मीटर. तर नळी किती लांब हवी? उत्तर १.६७ मीटर येते. नळ्यांच्या रचनेची माहिती विल्क्स यांना थॉमस गोल्ड यांनी दिली. फ्रेड हॉईल आणि हर्मन बाँडी यांच्याबरोबर स्थिर-स्थिती विश्वाचा सिद्धांत मांडणारे तेच हे गोल्ड. सुरुवातीला अशा सोळा नळ्या होत्या. त्यांत मिळून ५१२ आज्ञा किंवा छोटे आकडे मावत. ज्या पेटाऱ्यांत नळ्या एका तापमानाला ठेवत, त्यांना तिथली मंडळी शवपेट्या म्हणत.

यंत्रात सुमारे ३००० व्हॉल्व होते. विल्क्स यांनी मुद्दामच त्याचा वेग बेताचा ठेवला होता. पाऱ्याच्या स्मृतीला याच्या दुप्पट वेग जमला असता. पण त्यांना सर्वांत वेगवान यंत्र नको होते, लवकर हाताशी येणारे हवे होते. माझ्या मते एड्सॅकच्या सगळ्या कथेची किल्ली या निर्णयात आहे. इतर ठिकाणी अधिक महत्त्वाकांक्षी यंत्रे अर्धवट उभी असताना केंब्रिजच्या लोकांना प्रत्यक्ष वापराची दोन वर्षे जास्त मिळाली, आणि चुका करायलाही तेवढीच.

वर्गांच्या त्या पहिल्या तक्त्याला २ मिनिटे ३५ सेकंद लागले. हे आज हसण्यासारखे वाटेल. पण एक गुणाकार यंत्र सुमारे ६ मिलिसेकंदांत करत असे, तेव्हा शंभर गुणाकारांना सेकंदसुद्धा लागला नसता. बाकीचा वेळ गेला तो मुख्यतः टेलिप्रिंटरवर छापण्यात. तारऑफिसात टकटक करणारा टेलिप्रिंटर ज्यांनी पाहिला असेल, त्यांना सेकंदाला सहा-सात अक्षरांचा तो वेग आठवेल.

एकतीस आज्ञा

आता आपण त्या प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून गेलो आहोत अशी कल्पना करू. आज्ञावली आधी कागदावर पेन्सिलीने लिहायची. प्रत्येक आज्ञा म्हणजे एक अक्षर आणि एक पत्ता. 'ए ५०' म्हणजे ५० क्रमांकाच्या घरातला आकडा संचयकात मिळवा. संचयक म्हणजे यंत्राची पाटी असे समजा. 'एस ५०' म्हणजे वजा करा. 'टी ६०' म्हणजे पाटीवरचा आकडा ६० क्रमांकाच्या घरात ठेवा आणि पाटी पुसा. 'यू ६०' म्हणजे ठेवा, पण पाटी पुसू नका. 'जी' म्हणजे पाटीवर ऋण संख्या असेल तर अमुक घरातल्या आज्ञेकडे उडी मारा. 'ई' म्हणजे संख्या शून्य किंवा धन असेल तर उडी मारा.

हे सर्व कागदी फितीवर पाच छिद्रांच्या ओळींनी टोचायचे आणि फीत यंत्रात घालायची. पण यंत्राला अक्षरे आणि दशमान आकडे थोडेच कळतात? त्याला कळते ते फक्त स्पंद आहे की नाही एवढेच. मग फितीवरच्या 'ए ५०' चे द्विमान रूप कोणी करायचे? दुसऱ्या काही ठिकाणी ते काम माणसाच्या गळ्यात होते. केंब्रिजला ते यंत्राकडेच सोपवले गेले. १९४८ साली संशोधक विद्यार्थी म्हणून आलेल्या डेव्हिड व्हीलर नावाच्या तरुणाने त्यासाठी ३१ आज्ञांची एक छोटी आज्ञावली रचली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेव्हा वापरत तसल्या फिरत्या स्विचांवर ती कायमची बसवली होती. बटण दाबले की आधी या ३१ आज्ञा स्मृतीत शिरायच्या. मग त्या फीत वाचायच्या आणि अक्षरांचे स्पंद करून घराघरांत ठेवायच्या. माणसाने माणसासारखे लिहावे आणि भाषांतराचे कंटाळवाणे काम यंत्राने करावे, ही कल्पना आज इतकी सवयीची आहे की तिला कधी सुरुवात होती हेच आपण विसरतो.

शिक्षकांनी हा खेळ वर्गात जरूर करून पाहावा. दहा रिकाम्या काडेपेट्यांवर क्रमांक घाला. तीन पेट्यांत आज्ञांच्या चिठ्ठ्या, दोन पेट्यांत आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवा. एक विद्यार्थी पाटी घेऊन संचयक होईल, दुसरा पेट्या उघडून आज्ञा वाचेल. पेटी १ मध्ये 'ए ७', पेटी २ मध्ये 'ए ८', पेटी ३ मध्ये 'टी ९'. पेटी ७ आणि ८ मधल्या आकड्यांची बेरीज पेटी ९ मध्ये यायला हवी. आता सुरुवातीलाच पाटीवर गुपचूप ५ लिहून ठेवा. बेरीज चुकेल, पण तिन्ही आज्ञा तर बरोबर आहेत! मग चूक कोणाची, यावर वर्गात जे भांडण होते ते ऐकण्यासारखे असते.

जिन्यातला विचार

एड्सॅक तयार होईपर्यंत विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची समजूत अशी होती, की आज्ञावली लिहिणे हे गणित सोडवण्यासारखेच आहे. काळजीपूर्वक काम करणारा माणूस ती बरोबरच लिहील. गणिताची पार्श्वभूमी असलेली ही माणसे होती, त्यांना असे वाटावे यात नवल नाही.

१९४९ च्या जूनमध्ये विल्क्स यांनी स्वतः पहिले खरेखुरे काम हाती घेतले. एअरी यांच्या समीकरणाची उत्तरे काढून त्यांचा तक्ता करायचा. जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात इंद्रधनुष्याच्या कडेजवळच्या प्रकाशाचा विचार करताना जे फलन मांडले, तेच हे. त्याचे विकल समीकरण दिसायला अगदी साधे आहे. फलनाचे दुसरे विकलन म्हणजे क्ष गुणिले ते फलन, एवढेच. आज्ञावलीही फार मोठी नव्हती. पण ती चालेना. एक चूक दुरुस्त केली की दुसरी डोके वर काढी.

एड्सॅक इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर होते आणि फिती टोचायची यंत्रे एक मजला खाली. चूक सापडली की जिना उतरायचा, फीत नव्याने टोचायची, जिना चढायचा, आणि पुन्हा तेच. अशाच एका खेपेला जिन्यात असताना विल्क्स यांच्या मनात एक विचार आला आणि तो त्यांना चांगलाच हादरवून गेला. यापुढच्या आपल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावल्यांमधल्या चुका शोधण्यात जाणार आहे! ही आठवण त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे.

चुका तरी कशा होत्या? आपल्याला कल्पना यावी म्हणून त्या यंत्राच्या रचनेतून सहज होणाऱ्या काही सांगतो. पाटी पुसायची राहते, म्हणजे 'टी' च्या जागी 'यू' लिहिले जाते. एखादी कृती दहा वेळा करायची तर मोजणीत ती नऊ किंवा अकरा वेळा होते. यंत्रात सर्व संख्या उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यानच ठेवाव्या लागत, त्यामुळे मोठ्या संख्यांना आधी भागून लहान करायचे आणि शेवटी तेवढ्यानेच गुणायचे. मधल्या पायरीवर एखादी संख्या मर्यादेबाहेर गेली, तर यंत्र कुरकुर न करता धडधडीत चुकीचे उत्तर छापे. आणि सर्वांत वाईट म्हणजे आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत असल्याने चुकून एखाद्या आज्ञेच्या घरात आकडा जाऊन बसे. मग यंत्र त्या आकड्यालाच आज्ञा समजून भलतीकडे जाई. आज्ञा हासुद्धा एक आकडाच, या ज्या कल्पनेमुळे यंत्राला शक्ती मिळाली, तिच्यातूनच हा घोटाळाही जन्मला.

कपाटातल्या फिती

पण याच कल्पनेतून व्हीलर यांनी एक सुंदर युक्ती काढली. शिक्षकांनी ती थोडी कष्ट घेऊन समजून घ्यावी असे मला वाटते, कारण तिच्यात त्या काळच्या कामाची चव आहे.

वर्गमूळ काढण्याच्या आज्ञा एकदा कोणी तरी बरोबर लिहिल्या, तर प्रत्येकाने त्या पुन्हा का लिहाव्यात? त्या वेगळ्या फितीवर ठेवाव्यात आणि लागेल त्याने आपल्या फितीत जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. अशा तुकड्याला आपण उपाज्ञावली म्हणू. आता अडचण पाहा. मुख्य आज्ञावलीतून उपाज्ञावलीकडे उडी मारणे सोपे. पण काम झाल्यावर परत कुठे यायचे? एकाच आज्ञावलीत वर्गमूळ पाच ठिकाणी लागत असेल, तर परतीचा पत्ता दर वेळी निराळा. एड्सॅकमध्ये तो लक्षात ठेवण्याची काहीच सोय नव्हती.

व्हीलर यांची युक्ती अशी. समजा आपण १०० क्रमांकाच्या घरात आहोत. तिथे आज्ञा लिहायची 'ए १००', म्हणजे १०० क्रमांकाच्या घरात जे आहे ते पाटीवर मिळवा. पण त्या घरात तर हीच आज्ञा आहे! म्हणजे ही आज्ञा स्वतःलाच पाटीवर लिहिते. पुढच्या, म्हणजे १०१ क्रमांकाच्या घरात 'जी' ही आज्ञा, उपाज्ञावलीकडे उडी मारणारी. 'ए' या अक्षराचा यंत्रातला अंक २८, द्विमान पद्धतीत ११११०० नव्हे तर पाचच अंकी १११००. पहिला अंक एक असला की यंत्र ती संख्या ऋण मानते, म्हणून 'जी' ची उडी हमखास पडते. आता उपाज्ञावलीतली पहिली आज्ञा पाटीवर 'यू २' हा स्थिरांक मिळवते. 'यू' चा अंक ७. अठ्ठावीस आणि सात पस्तीस. पाच अंकांत बत्तीसच्या पुढचे मावत नाही, बत्तीस गळून पडतात आणि उरतात तीन. तीन हा अंक 'ई' चा! आणि पत्ता शंभर अधिक दोन, एकशे दोन. पाटीवर आता 'ई १०२' तयार झाले, म्हणजे 'एकशे दोनकडे उडी मारा'. ही आज्ञा 'टी' ने उपाज्ञावलीच्या शेवटच्या घरात ठेवून द्यायची. पाटीही पुसली जाते. काम संपले की शेवटच्या घरात परतीची चिठ्ठी तयारच असते. आज्ञांची बेरीज करून नवी आज्ञा बनवायची, ही कल्पना मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी वही बाजूला ठेवून खिडकीबाहेर पाहत बसलो होतो.

दुसरी अडचण पत्त्यांची. उपाज्ञावली एकाच्या कामात ६० क्रमांकापासून बसेल, दुसऱ्याच्या कामात २०० पासून. मग तिच्यातले पत्ते कसे लिहायचे? आपण नाही का सांगत, 'आमच्या घरापासून तिसरे घर'? तसेच लिहायचे, आणि वाचताना यंत्रानेच त्यात सुरुवातीचा क्रमांक मिळवायचा. यासाठी व्हीलर यांनी १९४९ मध्येच सुरुवातीच्या आज्ञा नव्याने रचल्या. ३१ च्या ४१ झाल्या.

अशा तपासलेल्या फिती एका पोलादी कपाटात ठेवलेल्या असत. कपाटातल्या वर्गवारीलाही अक्षरे होती. 'डी' म्हणजे भागाकार, 'एल' म्हणजे लॉगरिदम, 'टी' म्हणजे त्रिकोणमिती, 'जी' म्हणजे विकल समीकरणे, 'पी' म्हणजे छपाई. १९५१ पर्यंत या संग्रहात ८७ उपाज्ञावल्या झाल्या होत्या. नव्याने आलेल्याला आता पहिल्या दिवशीच एक वेगळे कौशल्य शिकावे लागे, ते म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या फितीवर विश्वास ठेवण्याचे. गणिताच्या माणसाला हे सोपे नसते. त्याला सिद्धता स्वतः करून पाहायची असते.

यंत्रासमोरून उठा

तरीही चुका राहतच. आज्ञावली अडकली की सुरुवातीचे लोक काय करत? यंत्रासमोर बसून राहत. एका बटणाने यंत्र एकेक आज्ञा पुढे सरके आणि कॅथोड किरण नळीच्या पडद्यावर स्मृतीतले स्पंद ठिपक्यांच्या रूपात दिसत. त्यांकडे डोळे लावून बसायचे. यात एक नशा असते, ज्यांनी संगणकावर काम केले आहे त्यांना ती माहीत आहे. पण एक माणूस असा तासभर ठिपके मोजत बसला, की बाकी सगळे खोळंबत. सबंध विद्यापीठात यंत्र एकच.

म्हणून हळूहळू तिथे एक शिस्त तयार झाली. यंत्रासमोर बसून चूक शोधायची नाही. आज्ञावली अडकली की 'पोस्टमॉर्टेम' नावाची एक तयार फीत चालवायची. ती यंत्र थांबले त्या क्षणी स्मृतीत काय होते ते छापून देई. तो कागद घेऊन यंत्र सोडायचे आणि आपल्या टेबलाशी बसून विचार करायचा. स्टॅन्ली गिल या दुसऱ्या तरुण संशोधकाने आणखी एक साधन केले. त्याची उपाज्ञावली दुसऱ्याची आज्ञावली एकेक पाऊल चालवे आणि प्रत्येक आज्ञेचे अक्षर छापत जाई. त्या अक्षरांच्या ओळींवरून यंत्र कोणत्या वाटेने गेले आणि कुठे वाट चुकले ते कळे. यंत्र एरवी सेकंदाला सुमारे ६५० आज्ञा पार पाडी. टेलिप्रिंटरच्या वेगाला बांधले की ते शंभरपट मंद होई. पण चूक शोधताना घाई कोणाला असते? गिल यांनी १९५१ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या विषयावर शोधनिबंध लिहिला. चूक आणि तिचे निदान हा शोधनिबंधाचा विषय होऊ शकतो, हे तोपर्यंत कोणाला सुचले असते असे मला वाटत नाही.

रोजच्या कामाची पद्धतही ठरून गेली. फिती घेऊन आलेल्यांनी त्या कपडे वाळत घालावेत तशा एका तारेवर ओळीने अडकवायच्या, ऑपरेटर त्या क्रमाने घेई. रात्री, परवानगी मिळालेल्यांना यंत्र स्वतः चालवता येई. यंत्राला एक ध्वनिक्षेपक जोडलेला होता. आज्ञावली चालत असताना त्यातून येणाऱ्या आवाजावरून सरावलेल्या माणसाला कळे की काम नीट चालले आहे की एकाच जागी घुटमळते आहे. जॉइस ब्लॅकलर (पुढे व्हीलर यांच्याशी विवाह झाल्यावर जॉइस व्हीलर) ही खगोलभौतिकीची विद्यार्थिनी फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली ताऱ्यांच्या अंतर्भागाची गणिते एड्सॅकवर करत असे. हे तेच हॉईल, ज्यांच्याकडे पुढे आपले जयंत नारळीकर संशोधनासाठी गेले. १९५२ साली ए. एस. डग्लस याने आपल्या प्रबंधासाठी या यंत्रावर फुली-गोळ्याचा खेळ बसवला. खेळणारा टेलिफोनच्या तबकडीने आपले घर निवडे आणि यंत्राची खेळी पडद्यावर ठिपक्यांत उमटे.

सप्टेंबर १९५० मध्ये केंब्रिजला पहिले उन्हाळी शिबिर भरले आणि बाहेरची माणसे आज्ञावली लिहायला शिकण्यासाठी आली. १९५१ साली विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांचे पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. आज्ञावली-लेखनावरचे हे पहिले पुस्तक. त्यात उपाज्ञावल्यांचा संग्रह छापून टाकला होता. हे दिसायला साधे, पण महत्त्वाचे. ज्यांचे यंत्र अजून तयारही झाले नव्हते, अशा लोकांना दुसऱ्यांनी दोन वर्षे जिने चढून-उतरून मिळवलेले शहाणपण आयते मिळाले. त्याच वर्षी व्हीलर यांना पीएच.डी. मिळाली. संगणकशास्त्रातली जगातली पहिली पीएच.डी. म्हणून ती ओळखली जाते.

नवे साधन हाती असणे आणि नसणे यातला फरक किती होता? १९५१ साली अ‍ॅलन हॉजकिन आणि अ‍ॅन्ड्र्यू हक्सले यांना चेतातंतूतून जाणाऱ्या विद्युत-संदेशाची समीकरणे सोडवायची होती. त्यांनी एड्सॅकवर भिस्त ठेवली होती, पण नेमके तेव्हाच ते मोठ्या दुरुस्तीसाठी सहा महिने बंद राहिले. हक्सले यांनी ब्रुन्सविगा नावाचे हाताने दांडा फिरवायचे गणकयंत्र घेतले आणि आठवडेच्या आठवडे ते फिरवून उत्तर काढले. १९५२ साली निबंध प्रसिद्ध झाला, १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जॉन केंड्र्यू यांना मात्र असा दांडा फिरवून भागणारे नव्हते. मायोग्लोबिन या प्रथिनाच्या रेणूची रचना क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून काढायची, तर बेरजा इतक्या, की हाताने करण्याचा विचारही नको. ती गणिते एड्सॅकवर आणि नंतर त्याच्या जागी आलेल्या एड्सॅक-२ वर झाली. त्यांचे नोबेल १९६२ चे.

आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक तरुण गट असेच यंत्र स्वतः बांधत होता. छोटा नमुना १९५६ मध्ये चालला, मोठे यंत्र १९६० मध्ये सुरू झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव टिफ्रॅक ठेवले. त्यात पाऱ्याच्या नळ्या नव्हत्या, फेराइटच्या बारीक कड्यांची नवी स्मृती होती. पण त्यावर काम करणाऱ्यांनाही यंत्राच्याच भाषेत लिहावे लागे, आणि चुका शोधण्याच्या खेपा त्यांनाही चुकल्या नसणार.

एड्सॅक ११ जुलै १९५८ रोजी बंद झाले. त्याचे भाग सुटे करून विकून टाकण्यात आले, त्या काळी जुने यंत्र जपून ठेवावे असे फारसे कोणाला वाटत नसे. काही फिती मात्र राहिल्या. त्यांतली एक विल्क्स यांच्या एअरी समीकरणाच्या आज्ञावलीची होती, तीही शेवटची, दुरुस्त झालेली नव्हे, तर मधल्याच कुठल्या तरी खेपेची. संगणकाच्या इतिहासाचे अभ्यासक मार्टिन कॅम्बेल-केली यांनी ती छिद्रे वाचून एकेक आज्ञा उलगडली आणि १९९२ साली त्यावर लेख लिहिला. आज्ञावली १२६ ओळींची होती. लिहिणारा माणूस यंत्र बनवणाराच होता. चुका होत्या सुमारे वीस.